आधी आडोसा, मग मॅट

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांच्या मागून, जून संपता संपता उघडतात. २१ जूनचा योग दिन बहुधा त्याआधीच येऊन जातो. त्यामुळे २०१५ पासून आमच्या खेड्यांत हा दिवस साजरा होतो तो सुट्टीतल्या पोरांना सांगावा धाडून, आणि तेही पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या गावात. त्या एका सकाळसाठी कुठे ग्रामपंचायत, कुठे शाळा, कुठे एखादा देणगीदार निळ्या-जांभळ्या मॅट आणतो. फोटो निघतात. मग त्या मॅट गुंडाळून कोठीत नाहीतर टिनाच्या सभागृहात जातात. उन्हाळ्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाखालची बंद खोली त्याहून तापते. पुढच्या जूनमध्ये गुंडाळी सोडावी तर स्वस्त मॅटचे पदर एकमेकांना चिकटलेले, कडा वर उचललेल्या, मधूनच भुगा पडणारा. मी हे एकाहून जास्त गावांत पाहिलं आहे आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण त्या गावांत योगाची खरीच गरज आहे.

माझं म्हणणं असं की गावाला योगासाठी पैसा घालायचा असेल तर तो आधी सपाट जमिनीवर, आडोशावर आणि शिकवणाऱ्या माणसावर घालावा. मॅटचा नंबर त्यानंतर. आणि साधनं घ्यायचीच तर ज्याचं अंग आखडलंय, गुडघा दुखतोय, कंबर धरलीय त्याला टेकू देणारी घ्यावीत. नव्याने सुरुवात करणाऱ्या माणसानेही घरी हाच क्रम ठेवावा.

‘दिवसभर वावरात राबणाऱ्या माणसाला योग कशाला?’ हा प्रश्न गावात हमखास येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही, पण त्याचं उत्तर आहे. शेतीचं काम शरीराला भरपूर हलवतं, मात्र एकाच दिशेने. ऑक्टोबरपासून पुढे तीन-चार महिने कापूस वेचणारी बाई पऱ्हाटीच्या तासातून कंबरेत वाकून चालते. पोटाशी बांधलेली ओटी भरत जाते तसं वजन पुढे ओढत जातं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया चिखलात पाय रोवून तासन् तास ओणव्या असतात. निंदण तर बसूनच. या सगळ्यात पाठ मागे वळण्याचा प्रसंग दिवसभरात एकदाही येत नाही, खांदे पुढे झुकलेले राहतात आणि मान खाली.

आता शहरातल्या नवशिक्याकडे पाहा. तो खुर्चीत बसून आखडलेला असतो. त्याचे हात वाकून जमिनीला पोचत नाहीत, उकिडवं बसता येत नाही. म्हणून त्याच्यासाठीच्या साधनांच्या यादीत हाताखाली ठेवायचे ठोकळे पहिले येतात. आमच्या बाईचे हात जमिनीला सहज पोचतात, साठीतही ती उकिडवी बसून भाकरी थापते. तिला पुढे वाकवणारं आसन पहिल्या दिवशी द्यायची घाई कशाला? तिला पाठीवर आडवं होऊन छाती उघडायला आधार हवा, पाय भिंतीला टेकवून वर ठेवायला जागा हवी, हलकं भुजंगासन, सेतुबंधासन हवं. आणि गुडघा झिजत आलेल्या म्हातारीला वज्रासनात पोटरी-मांडीच्या मध्ये ठेवायला घडी घातलेलं कांबळं हवं. शहरातली यादी जशीच्या तशी गावात उचलून आणली की नेमकं हेच सुटतं.

आयुष मंत्रालयाने योग दिनासाठी सामान्य योग अभ्यासक्रम ठरवून दिला आहे. ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासनापासून शवासन, भ्रामरी, ध्यानापर्यंत. त्यातलं एकही आसन साधनावाचून अडत नाही. त्याच्या सुरुवातीच्या सूचनांत तर स्पष्टच म्हटलंय की गादी, योगा मॅट, सतरंजी किंवा घडी घातलेलं कांबळं यांपैकी काहीही चालेल. म्हणजे ज्या कार्यक्रमासाठी मॅटची खरेदी होते, त्या कार्यक्रमाच्याच सूचनेत सतरंजीला मान्यता आहे. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्याकडे फार महत्त्वाची: थकलेल्या अवस्थेत, घाईत, आजारपणात योग करू नये. कापसाच्या वेच्याच्या दिवसांत संध्याकाळी वर्ग घ्यायचा तर तो बहुतेक आडवं पडून, टेकू घेऊन करायच्या आसनांचा असायला हवा. दिवसभर वाकलेल्या बाईकडून सूर्यनमस्कार काढून घेणं मला पटत नाही.

सतरंजीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ती घरोघरी आहे आणि तिचे गुणदोष कोणी नीट सांगत नाही. हातमागावरची जाड सुती सतरंजी सर्वांत चांगली. अकोला जिल्ह्यातलं अकोट या विणकामासाठी ओळखलं जातं, वर्ध्याकडे खादीच्या संस्थांत सुती माल मिळतो. लांबी आपल्या उंचीपेक्षा वीतभर जास्त असावी, म्हणजे शवासनात टाचा आणि डोकं दोन्ही वर राहतात. सारवलेल्या जमिनीवर आणि खरबरीत शहाबादी फरशीवर ती बऱ्यापैकी धरून राहते. घाम शोषते, धुता येते, उन्हात वाळवता येते. मात्र नव्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते, आणि त्रिकोणासनात पाय फाकवलेले असताना सतरंजी सरकली तर मांडीचा स्नायू दुखावतो, माणूस पडूही शकतो. अशा घरात उभ्याची आसनं सरळ अनवाणी टाइलवर करावीत आणि बसायच्या-झोपायच्या आसनांना सतरंजी अंथरावी. प्लास्टिकची विणलेली चटई मात्र उभ्याच्या आसनांसाठी वापरूच नये, ती सगळ्यांत घसरडी. वाकळ, गोधडी मऊ म्हणून तिच्यावर उभं राहून तोल साधायला गेलं की घोटा डुगडुगतो, पण घडी घालून गुडघ्याखाली किंवा मानेखाली ठेवायला तिच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. अंगणात मातीवर करायचं असेल तर खाली गोणपाटाचं चवाळं आणि वर सतरंजी.

मॅट वाईट आहे असं मी म्हणत नाही. टाइलच्या घरात, घाम येणाऱ्या तळव्यांना, गुडघ्यावर भार सहन न होणाऱ्याला तिचा उपयोग आहेच. ज्याला घ्यायची आहे त्याने चार ते सहा मिलिमीटर जाडीची घ्यावी. जाड म्हणजे चांगली या समजुतीने तालुक्याच्या दुकानातून दहा-बारा मिलिमीटरचा मऊ फोम आणला जातो. झोपून करायच्या व्यायामाला तो ठीक आहे, पण वृक्षासनात त्याच्यावर पाऊल बुडतं आणि तोल जातो. बाजारातली नेहमीची मॅट साधारण १७३ सेंटिमीटर लांब आणि ६१ सेंटिमीटर रुंद असते, उंच माणसाने आडवं पडून मापून पाहावी. दुकानात ती जमिनीवर अंथरायला लावावी, तळवा दाबून पुढे ढकलून बघावा. हात सरकला तर ती आणि सतरंजी सारखीच. पीव्हीसीची मॅट स्वस्त आणि टिकाऊ, पण बंद करून तापत ठेवली की बिघडते. नैसर्गिक रबराची पकड उत्तम, ती महाग आणि जड असते, उन्हात लवकर खराब होते आणि काहींच्या कातडीला रबराची खाज येते. कोणतीही घ्या, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवायची. आमच्याकडे धुतलेलं सगळं उन्हात टाकायची सवय आहे, तेवढी इथे मोडावी लागते.

ही रबरी मॅट काही योगाच्या मुळापासून चालत आलेली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात गालिच्याखाली घालायच्या चिकट पट्टीपासून तिची सुरुवात झाली. सहाव्या अध्यायात गीता आसनाबद्दल सांगते ते एवढंच: स्वच्छ जागा, फार उंच नाही, फार खोल नाही, आणि खाली दर्भ, मृगाजिन, वस्त्र. तिथेही जागा आधी आणि अंथरूण नंतर आहे. आधाराच्या साधनांचा विचार ज्यांनी सर्वांत खोलवर केला ते बी. के. एस. अय्यंगार तर आपल्या पुण्याचे. विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड वापरून त्यांनी आजारी, वयस्क, ताठरलेल्या माणसांना आसनात आणलं. १९७५ साली पुण्यात उभी राहिलेली त्यांची संस्था याच कामासाठी जगभर ओळखली जाते. त्यांच्या कामातून मी घेतो ते हे, की ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही त्याच्यापर्यंत आसन आणायला साधन असतं.

तसं पाहिलं तर गावात साधनांची कमतरता नाही. औष्णिक वीज केंद्रांमुळे विदर्भात राखेच्या विटा सगळीकडे मिळतात. नऊ इंच लांब, चार इंच रुंद, तीन इंच जाड अशी वीट घ्या, काठ घासून घ्या, जुन्या लुगड्याचा दुहेरी गलेफ शिवा, की ठोकळा तयार. दुकानातला ठोकळा साधारण नऊ, सहा आणि चार इंचांचा असतो, म्हणून दोन विटा शेजारी शेजारी ठेवल्या तर बसायला पुरेशी बैठक होते. नुसती उघडी वीट मात्र नको, तिचा काठ हाताला लागतो. पट्ट्याऐवजी सुती दुपट्टा चालतो. ताणला तर लांबणारं कापड नको, कारण पाय वर धरताना ते दगा देतं. लोडासाठी पिंजाऱ्याकडे जावं. अडीच-तीन किलो कापूस घट्ट भरून लांबट लोड शिवून घ्यावा, मऊ उशी पाठीखाली दबून जाते आणि तिचा काही फायदा होत नाही. लग्नकार्यात भाड्याने येते ती हात असलेली प्लास्टिकची खुर्ची फक्त बसून करायच्या हालचालींना घ्यावी, तिच्यावर भार टाकून वाकायचं नाही, तिचे पाय फाकतात. बिनहाताची लोखंडी घडीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली तर ती खूप कामाची. आडवं पडून पोटऱ्या तिच्यावर ठेवल्या की कंबरेला जो आराम मिळतो, तो पहिल्याच दिवशी कळतो. भिंतीतल्या हुकांना दोर बांधून लटकायचे प्रयोग नवशिक्याने जाणकाराशिवाय करू नयेत. आणि काही ठिकाणी मॅटबरोबर नेतीचा, म्हणजे नाक धुवायचा, लोटाही मिळतो, त्यात विहिरीचं किंवा नळाचं पाणी तसंच वापरू नये. उकळून कोमट केलेलं, मीठ घातलेलं पाणीच नाकात घालायचं.

पण हे सगळं जमवूनही एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. साधनांच्या यादीत दार आणि पडदा कोणी धरत नाही. योगाचा कार्यक्रम चौकात, शाळेच्या पटांगणात, ग्रामपंचायतीसमोर होतो. समोर पानठेला असतो, पारावर माणसं बसलेली असतात. तिथे बाई हात वर करेल, मान फिरवेल, मांडी घालून श्वास घेईल. पालथी पडून भुजंगासन करणार नाही, पाय वर उचलणार नाही, गुडघे पोटाशी घेऊन पवनमुक्तासन करणार नाही. तिने करू नये असंच वातावरण आपण तयार केलेलं असतं. आणि वाकून वाकून धरलेल्या पाठीला तर हीच आसनं लागतात! त्यामुळे ज्या बाईला सर्वांत जास्त उपयोग आहे तिच्या वाट्याला योगाचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग येतो. मग लोक म्हणतात, ‘बायांना आवड नाही.’ आवडीचा प्रश्नच नाही. तिला चार भिंती द्या, आतून कडी लागेल असं दार द्या, बाहेरून दिसणार नाही अशी खिडकी द्या, आणि बघा.

जवळजवळ प्रत्येक गावात समाजमंदिर किंवा सभागृह आहे. त्याची अवस्था बहुतेक ठिकाणी सारखी: खिडक्यांना झडपा नाहीत, फरशी उखडलेली, कोपऱ्यात सिमेंटच्या गोण्या आणि मागच्या निवडणुकीचे फलक, बल्ब गेलेला. मॅटच्या एका खेपेच्या पैशात पडदे, दोन बल्ब, एक पंखा, फरशीची डागडुजी आणि झाडू होऊ शकतो. कोपऱ्यात कपडे बदलायला आडोसा हवा, कारण घरून सलवार घालून निघायला अनेकींना संकोच वाटतो आणि सहावारीत पाय वर करणं शक्य नसतं. जवळ चालू स्थितीतलं शौचालय हवं. आणि वेळ बायांनी ठरवायला हवी. पहाटे पाचला पाणी, चूल, डबा यांची घाई असते. ‘ब्राह्ममुहूर्तावर या’ म्हणणाऱ्याने त्या वेळी तिच्या घरातली चूल कोण पेटवणार हेही सांगावं.

किल्लीचाही प्रश्न आहे. साधन कितीही चांगलं घ्या, किल्ली ज्याच्याकडे तो गावाला गेला की ते बंद. म्हणून मला वाटतं, ज्या मॅट आधीच आलेल्या आहेत त्या कपाटातून काढून मुलींना, बायांना घरी नेऊ द्याव्यात, वाचनालयातल्या पुस्तकासारखी वहीत नोंद करून. काही जण म्हणतात की रंगीत मॅट दिसली की पोरं येतात, एखाद्या मुलीला ‘ही माझी’ असं काहीतरी मिळतं, त्याची किंमत करू नका. मला हे मान्य आहे. पण मग ती खरोखर तिची असू द्या. वर्षातून एका सकाळी हातात देऊन परत घेतलेली मॅट कोणाचीच नसते.

जागा झाली, की शिकवणारा माणूस. नवशिक्याला खरी इजा होते ती चुकीच्या हट्टाने, आणि ‘थांब, एवढंच पुरे’ असं सांगायला जिवंत माणूसच लागतो. मोबाइलवरचा व्हिडिओ पुढच्या माणसाचा गुडघा पाहू शकत नाही. विदर्भात ही माणसं तयार होण्याची परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने योग विनामूल्य शिकवण्याचा वसा धरला आहे. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठातून योगशास्त्र शिकून तरुण बाहेर पडतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळामुळे कितीतरी गावांत सामुदायिक ध्यान आणि प्रार्थनेची सवय आहे, प्रार्थना मंदिरं आहेत. पहाटे एकत्र बसायची जी सवय इतरांना नव्याने लावावी लागते, ती इथल्या गावांत दोन-तीन पिढ्यांपासून आहे. शिकलेला तरुण आणि बसायला तयार असलेलं गाव, दोन्ही असताना मध्ये दुवा नाही, तो दुवा म्हणजे महिन्याचं ठरावीक मानधन.

आरोग्य उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि योगसत्र हा त्यांच्या कामाचा भाग आहे. तिथे विचारावं. सुरुवात करण्याआधी तिथेच रक्तदाब मोजून घ्यावा. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मणक्यातली गादी सरकलेली, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर शिकवणाऱ्याला आधी सांगावं. ज्यांना खाली बसताच येत नाही त्यांच्यासाठी खुर्चीवरचा वेगळा वर्ग असावा. माझ्या दृष्टीने तो चैनीचा नाही, गावात वयस्क माणसं जास्त उरलीत म्हणून तोच पहिला असायला हवा.

आता पैसा कुठून आणायचा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. लहान गावाचं उत्पन्नच थोडं, हे खरं. तरीही त्यातून पडदे, बल्ब आणि दहा-बारा लोड होतातच, लोड आणि गलेफ गावातल्याच बचत गटाकडून शिवून घेता येतात. मानधनासाठी दोन-तीन शेजारच्या ग्रामपंचायतींनी मिळून एक शिक्षक ठेवावा, आठवड्यातले दिवस वाटून घ्यावेत. १५ ऑगस्टची ग्रामसभा यासाठी बरी, तेव्हा रोवणं, डवरणी (पिकातली कोळपणी) बरीचशी आटोपलेली असते आणि वेचा सुरू व्हायला दोन महिने असतात. बायांनी त्या सभेत ठराव मांडताना ‘योगासाठी साहित्य खरेदी’ असं मोघम लिहू देऊ नये. खिडक्यांचे पडदे किती, बल्ब किती, लोड किती, किल्ली कोणाकडे, वर्ग किती वाजता आणि शिक्षकाचं मानधन कोणत्या तारखेला, हे ठरावातच लिहून घ्यावं आणि इतिवृत्तात तसंच उतरलंय ना ते सही करण्याआधी वाचून पाहावं.